अज्जीचा तानपुरा आणि मिरजेचे खाँसाहेब

माझ्या हातून पहिले अक्षर उमटले ते बासरला. गोदावरीकाठचे हे गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. वडिलांचे मूळ घर धर्माबाद तालुक्यातले. तिथून बासर म्हणजे शिवेपलीकडचे गाव. आमच्याकडे मूल शाळेत घालण्याआधी त्याला ज्ञानसरस्वतीच्या देवळात नेतात आणि पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. महर्षी व्यासांनी गोदावरीच्या वाळूतून देवीची मूर्ती घडवली, अशी तिथली श्रद्धा आहे. मला आठवतात ती मात्र हळदीने पिवळी झालेली बोटे, रडणारी पुष्कळ मुले, आणि माझी अज्जी.

अज्जी म्हणजे आईची आई. तिचे माहेर कुंदगोळकडचे, भाषा कानडी. मराठी तिला समजते, पण बोलताना ती क्रियापद नेमके चुकवते आणि स्वतःच हसते. नातीच्या अक्षरारंभासाठी ती एवढ्या लांब आली होती. देवळाबाहेरच्या दुकानातल्या तसबिरीकडे बोट दाखवून मी तिला विचारले होते, की देवीच्या हातात हे काय आहे. वीणा, असे तिने सांगितले. मग घाटाच्या पायरीवर बसल्यावर ती अगदी हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणली. अज्जी गाते हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर कित्येक वर्षे मी तिला गाताना ऐकले नाही.

वाचकहो, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगीताविषयी लिहावे हा थोडा आगाऊपणाच आहे. मला राग ओळखता येत नाहीत. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की मला जो आनंद होतो, तोच माझा षड्ज! पण गेल्या हिवाळ्यात एका हिशेबाच्या निमित्ताने मला मिरजेला जावे लागले, आणि तो हिशेब काही केल्या जुळेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे की मामांनी हुबळीचे जुने घर सोडून लहान सदनिकेत जायचे ठरवले. जुन्या घरातल्या अनेक वस्तू विकायला निघाल्या. त्यांत अज्जीचा तानपुरा होता. तिच्या वडिलांनी तो मिरजेहून आणलेला. सोळाव्या वर्षापर्यंत ती शिकली, मग लग्न झाले आणि तानपुरा खोळीत गेला. सासरी कुणी मनाई केली नव्हती म्हणे. फक्त कुणी विचारलेही नाही. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसाने दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यासाठी पंधराशे रुपये देऊ केले. आईला ते कमी वाटले. मी बी.कॉम.ची, शिवाय कानडी-मराठी दोन्ही बोलणारी. तेव्हा तानपुरा मिरजेला नेऊन खरी किंमत काढून आणायचे काम माझ्याकडे आले. अज्जी काहीच बोलली नाही. तिने फक्त खोळीची नाडी नीट बांधून दिली.

जाण्यापूर्वी मी आमच्या ग्रंथालयातून उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याविषयी मिळेल ते वाचले. कारण अज्जीच्या माहेरी हे नाव देवाच्या नावासारखे घेतले जाई. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी गुरूचे मोठे चरित्र लिहिले असून ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. गाडीत मी माझी टिपणे चाळत होते आणि शेजारच्या बाकावर तानपुरा एखाद्या आजारी माणसासारखा आडवा झोपला होता.

मिरज जंक्शन हे स्थानक एके काळी तीन रुंदींच्या रुळांसाठी प्रसिद्ध होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, बंगळूरकडून मीटरगेज आणि लातूरकडून नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या इथे येत. आता सगळीकडे एकच रुंदी झाली आहे. पण तीन वाटा जिथे मिळतात तिथे माणसेही तीन तऱ्हांची येणार, हे उघड आहे. खाँसाहेब या गावी आले ते असेच फार दुरून.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. वडील काले खाँ गवई, घराणे गवयांचे आणि सारंगीवाल्यांचे. चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडेही त्यांना तालीम मिळाली. गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार ही वाद्येही त्यांच्या हाती खेळली. पुढे भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर जोडीने गात ते बडोद्याच्या दरबारी पोचले. सयाजीराव महाराजांच्या दरबारात मान होता, नोकरी होती. सामान्य माणूस तिथेच आयुष्य काढता.

परंतु तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई आणि हा तरुण गवई यांची मने जुळली. एक सरदारकन्या आणि एक मुसलमान गवई! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गोष्टीला बडोद्यात जागा नव्हती. दोघांनी शहर सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेची वाट धरली. माझ्या भाषेत सांगायचे तर या माणसाने कायम पगाराची नोकरी सोडून अनिश्चित उत्पन्नाचा धंदा पत्करला. भांडवल एकच, गळा.

मिरजेनेच त्यांना का धरून ठेवले याविषयी एक आख्यायिका सांगतात. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले. जगण्याची आशा नव्हती. त्यांनी इथल्या ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाणे अर्पण केले आणि ते बरे झाले. तेव्हापासून उरुसात दर्ग्यापुढे गायची त्यांनी प्रथा ठेवली. आख्यायिका आहे, मी तिचा पुरावा मागत नाही. पण एवढे खरे की या माणसाने नंतर कितीही प्रवास केला तरी त्याचे मन मिरजेला बांधलेले राहिले.

स्थानकावरून मी रिक्षा केली आणि लक्ष्मी मार्केटच्या घड्याळाशी उतरले. दगडी इमारत, भोवती भाजीवाल्या, त्यांच्या तोंडी मराठी आणि कानडी एकाच वाक्यात. एकीने मला तानपुऱ्यासकट पाहून कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सरकवल्या आणि वाट करून दिली. या गावात तानपुरा घेऊन जाणाऱ्या मुलीकडे कुणी वळून बघत नाही, पण वाट मात्र देतात. ही गोष्ट मला फार आवडली.

गाण्याच्या दृष्टीने मिरज हे गाव खाँसाहेबांच्याही आधीपासून श्रीमंत होते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले आणि त्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी मिरजेला आला आणि बुवांजवळ गाणे शिकला. तेच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर झाले. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगमंचावर उभे राहिले, तेही मिरजेतच. आज गावातल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. मी त्या नाट्यगृहापुढे पाच मिनिटे थांबले. आत कसलेसे शालेय स्नेहसंमेलन चालले होते आणि बाहेर दोन छोट्या झाशीच्या राण्या पेरू खात उभ्या होत्या. वाटले, यांतलीच एखादी उद्या कोण होईल, कुणी सांगावे?

याच १९०५ साली मिरजेत खाँसाहेबांची कन्या चंपाकली जन्मली. तिच्याविषयी पुढे लिहीन.

खाँसाहेबांचा आवाज मी भ्रमणध्वनीवर ऐकला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने पुन्हा बऱ्याच काढल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. त्या तीन मिनिटांत रागाचे सगळे घर दाखवायचे! आवाज बारीक, टोकदार आणि कमालीचा सुरेल. तो वर चढतो तेव्हा जोर लावल्यासारखा वाटत नाही, ताणलेल्या तारेवरून बोट सरकावे तसा तो जातो. झिंझोटीतली आणि भैरवीतली त्यांची ठुमरी विशेष गाजली. जाणकार सांगतात की त्यांच्या आलापीवर बीन आणि सारंगीची छाया आहे, तसाच ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ यांच्या गाण्याचाही प्रभाव आहे. हे रहिमत खाँ उत्तरायुष्यात मिरजेजवळच्या कुरुंदवाडला होते. आधी लय आणि बोलांची करामत नव्हे, तर आधी सूर, ही किराणा घराण्याची ओळख अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे आणि त्यांचे नातलग अब्दुल वहीद खाँ यांच्यामुळे रूढ झाली. किराणा म्हणजे वाण्याचे दुकान नव्हे, कैरानाचेच ते रूप, हे मला वाणिज्य शाखेत असूनही तिसऱ्या वर्षाला कळले!

सुराच्या या ध्यासाची एक कथा मला फार उद्बोधक वाटली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज जिल्हा न्यायाधीश. दोघांना एका सप्तकातल्या बावीस श्रुती मोजून काढायच्या होत्या. देवलांचे पुस्तक १९१० साली आणि क्लेमेंट्स यांचे १९१३ साली निघाले. या मोजणीसाठी स्वर गाऊन दाखवले ते खाँसाहेबांनी. त्या मापांवरून श्रुतींची खास बाजाची पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला आणि पंडित भातखंडे प्रभृतींना ती पटली नाही. वादाचा निर्णय करण्याची माझी पात्रता नाही. पण पिढीजात गवई आपली विद्या लपवून ठेवतात अशी तक्रार त्या काळी सर्रास होत असे. अशा काळात एक गवई परक्या माणसापुढे बसून आपला प्रत्येक स्वर मोजू देतो, हे मला धाडसाचे वाटते.

त्यांनी शाळाही काढली. १९१३ साली पुण्यात त्यांचे आर्य संगीत विद्यालय सुरू झाले आणि नंतर त्याची शाखा मुंबईलाही निघाली. विद्यार्थी गुरूच्या घरीच राहत, जेवत आणि शिकत. फी नाही. खर्च भागवायला तिकिटे लावून जलसे करायचे आणि त्यांत विद्यार्थ्यांनाही गायला बसवायचे. या जलशांच्या काळात खाँसाहेबांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात आवाज काढायला शिकवले होते आणि लोकांपुढे आणले होते! लोक हसले असतील. पण एवढ्या पोरांच्या जेवणाचा प्रश्न रोज सोडवायचा असला की माणूस लोकांना नाट्यगृहापर्यंत आणण्याच्या युक्त्या शोधतो. जमाखर्चाची वही कधी हाती धरलेल्या कुणालाही हे समजेल.

शिष्य घेताना मात्र ते कडक होते. कुंदगोळच्या रंगनगौडा नाडिगेर यांच्या वाड्यात खाँसाहेब उतरत. तिथलाच रामभाऊ नावाचा कानडी मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला, तेव्हा निदान आठ वर्षे सोडून जायचे नाही अशी अट त्यांनी घातली. आम्ही करार कायद्यात शिकतो की मोबदल्यावाचून करार होत नाही. इथे मोबदला कोणता? आठ वर्षांचे आयुष्य. रामभाऊ पुढे सवाई गंधर्व झाले. त्यांच्यापासून गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर ही परंपरा निघाली. गदगच्या बाल भीमसेनांनी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. एका तीन मिनिटांच्या तबकडीचे हे व्याज!

अज्जीचे गाव या कुंदगोळच्या जवळचे. तिच्या वडिलांनी नाडिगेर वाड्यातले गाणे बाहेर उभे राहून ऐकले होते, एवढाच आमच्या घराण्याचा संगीताशी संबंध. त्या एका ऐकण्यावर त्यांनी पुढे पैसे साठवून मुलीसाठी तानपुरा आणला.

खाँसाहेबांचे कर्नाटकाशी नाते केवळ शिष्यांपुरते नव्हते. म्हैसूरच्या दरबारी त्यांची हजेरी असे. धारवाडला गंगूबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटकी गाणे गात, तर ते ऐकायला ते त्यांच्या घरी जात. दक्षिणेचे संगीत उत्तरेचे बहुतेक गवई कानाआड करीत असताना त्यांनी ते मनापासून ऐकले, सरगम गाण्याची रीत त्यातून उचलली, आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती ध्वनिमुद्रित केली. ही कृती तेलुगू भाषेतली आहे. मानापमान नाटकातले मराठी पदही त्यांच्या आवाजात आहे. आता पाहा, जन्म गंगा-यमुनेच्या दुआबातला, संसार मराठी मुलखात, शिष्य कानडी आणि मुखी तेलुगू कृती. शाळेत मला काही मुली अर्धी कानडी म्हणून चिडवीत आणि आजोळी मी मराठी म्हणून वेगळी पडे. हा माणूस चारही ठिकाणी अर्धा नव्हता, पुरा होता.

हे मनात घोळवीत मी सतारमेकर गल्लीत शिरले. बाहेर भोपळे टांगलेले, आत लाकडाचा आणि रोगणाचा वास. मूळची ही शिकलगारांची घराणी. तलवारी आणि शस्त्रे घडवणे हा त्यांचा व्यवसाय. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांची मागणी घटली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब वगैरे कारागिरांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. तलवार घडवणाऱ्या हातांनी तानपुरा घडवावा, याहून चांगला व्यवसायबदल मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. भोपळे पंढरपूर-सोलापूरकडे भीमेच्या काठी पिकतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका वयस्कर कारागिरांनी माझी खोळ सोडली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दांडीवर टिचकी मारली, भोपळ्याला कान लावला, घोडीवरून अंगठा फिरवला. मी लगबगीने किंमत विचारली. त्यांनी उत्तर दिलेच नाही. उलट मलाच विचारले, की हा विकायचा आहे की वाजवायचा आहे. दोन्ही गोष्टींच्या किमती निराळ्या असतात, असे त्यांचे म्हणणे. भोपळ्याला बारीक चीर होती, घोडी झिजली होती, तारा गंजल्या होत्या. पण दांडी सरळ होती आणि लाकूड इतक्या वर्षांत मुरले होते. शोभेसाठी विकायचा तर मिळेल ते घ्यावे. वाजवायचा तर दुरुस्तीला खर्च येईल, आणि नंतर तो विकावासा वाटणार नाही.

मग त्यांनी दुसऱ्या एका तानपुऱ्याची जवारी कशी लावतात ते मला दाखवले. घोडीचा माथा कानशीने घासत घासत असा उतार द्यायचा की तार तिला एका बिंदूत न टेकता लांबवर हलकेच स्पर्श करील. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवायचा. धागा केसभर इकडे-तिकडे झाला की तार मुकी होते आणि नेमक्या जागी आला की एका तारेतून अनेक स्वर उमलतात. खाँसाहेब जवारीच्या बाबतीत फार काटेकोर होते, हत्यारे जवळ बाळगून वाद्ये स्वतः दुरुस्त करीत, असे गल्लीत अजून अभिमानाने सांगतात. तानपुरा कारागिरांकडे ठेवून मी, संध्याकाळी सांगते, असे म्हणून निघाले. खरे म्हणजे मी उत्तर पुढे ढकलीत होते.

दर्ग्याच्या आवारात दुपार शांत होती. हा दर्गा जसा गाण्याचा, तसा माणुसकीचाही आहे. उरुसात पहिल्या गलेफाचा मान इथे चर्मकार समाजाचा आहे. आवारात चिंचेच्या झाडाखाली बसून गायचे, ही गवयांची रीत. उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ इथे संगीत सभा भरते. देशभरचे गायक-वादक हजेरी लावायला येतात आणि रात्ररात्र गातात. मोठा मंच नाही, मखमली खुर्च्या नाहीत. अर्पण करायचे आणि उठायचे.

याच आवारात खाँसाहेबांची कबर आहे. तिथे बसून मी त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पुन्हा मनात आणला. तो सुखाचा नाही. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर झाल्या, धाकट्या सकीना या सरस्वती राणे झाल्या, कमलाबाई आणि कृष्णराव यांनीही बापाचे नाव लावले नाही. ज्याने मोठा संसार केला, विद्यालय चालवले, तो माणूस पुन्हा जवळजवळ रिकाम्या घरात आला. पुढे शिष्या बानूबाई लाटकर यांच्याबरोबर ते मिरजेतच राहिले. कोणाचे चुकले, याचा हिशेब मांडण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. मुलांनी नाव टाकले, सूर टाकला नाही. सुरेशबाबू मोठे गुरू झाले. हिराबाई तर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांपैकी एक. ज्या काळात घरंदाज बाईने लोकांपुढे गाणे म्हणजे कुजबुजीचा विषय, त्या काळात त्या साधेपणाने, डोक्यावरून पदर घेऊन मंचावर बसल्या आणि गाण्याला प्रतिष्ठा दिली. माझी अज्जी त्यांच्याहून कितीतरी लहान. हिराबाईंनी दार उघडले होते, तरी आमच्या घरातून ते तिला कुणी दाखवले नाही.

खाँसाहेबांचा शेवटही प्रवासातच झाला. १९३७ साली ते मद्रासकडे मैफलींसाठी गेले होते. तिथून पाँडिचेरीला अरविंदाश्रमात जायचे होते. गाडीत अस्वस्थ वाटू लागले म्हणून ते चिंगलपेटजवळच्या सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले. नमाज झाला, आणि मग दरबारी रागात त्यांनी ईश्वराची आळवणी केली, असे त्यांच्या बरोबरच्यांनी सांगून ठेवले आहे. तिथेच त्यांचा प्राण गेला. तारीख २७ ऑक्टोबर, वय पासष्टीला दोन आठवडे कमी. आजूबाजूला ना दरबार, ना श्रोते. त्यांचे शव एवढ्या लांबून मिरजेला आणले आणि मीरासाहेबांच्या पायाशी विसावा दिला.

मी कबरीजवळ बसून माझा ताळेबंद मांडून पाहिला. या माणसाच्या मागे मालमत्ता कोणती राहिली? दरबारची नोकरी सुटली, घर दुभंगले, मुलांनी नाव बदलले, श्रुतींची पेटी प्रचारात आली नाही. सगळे नावे बाजूला. जमेला काय? दुसऱ्यांच्या गळ्यातला सूर. तो कोणत्याही रकान्यात बसत नाही, पण व्यवहार मात्र त्याच्यावरच चालू आहे. घसारा मोजायची आमची रीत अशी की वस्तू जितकी जुनी तितकी पुस्तकी किंमत कमी. या रीतीने अज्जीचा तानपुरा केव्हाच शून्यावर आला होता. आणि गल्लीतले ते आजोबा म्हणत होते की लाकूड मुरले आहे! दोघांचे एकाच वस्तूविषयीचे बोलणे, आणि मला दोन्ही खरे वाटत होते.

संध्याकाळी मी गल्लीत परत गेले आणि तानपुरा वाजवायचा आहे, असे सांगितले. आगाऊ रक्कम म्हणून शिष्यवृत्तीतून उरलेले पैसे दिले. बाकी दोन हप्त्यांत द्यायचे ठरले. पावतीवर त्यांनी दुरुस्तीचा तपशील मराठीत लिहिला. नाव विचारले तेव्हा मी माझे न सांगता अज्जीचे सांगितले.

घरी या निर्णयाचे स्वागत झाले असे म्हणता येणार नाही. किंमत काढायला पाठवलेली मुलगी खर्च करून आली! मामा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचेही चूक नव्हते. दोन खोल्यांच्या जागेत चार फुटांहून उंच वाद्य कुठे ठेवणार, हा प्रश्न खराच होता. शेवटी तो आमच्याकडे, माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी राहील, असे ठरले.

सव्वा महिन्याने तो दुरुस्त होऊन आला. अज्जी तेव्हा आमच्याकडेच होती. तिने खोळ सोडली, मांडीवर आडवा घेतला, मग उभा धरला. खुंट्या पिळायला तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून ती सांगेल तशी मी पिळत गेले. आधी पंचम, मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. कितीतरी वेळ जमेना. मला सगळे सूर सारखेच वाटत आणि ती मान हलवी. मग एकदम तिने हात वर केला. मला काहीच ऐकू आले नव्हते, पण तिला आले होते. चारी तारा एकमेकींत मिसळल्या आणि खोली भरून गेली.

अज्जी गायली का, असे वाचक विचारतील. तिने षड्ज लावून पाहिला. आवाज कापला, तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. ती कानडीत पुटपुटली की आता उशीर झाला. मग तिने तानपुरा माझ्या हाती दिला आणि बोटे कुठे ठेवायची ते दाखवले. ज्या बोटांनी बासरला माझा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतले, तीच बोटे. फरक एवढाच की या वेळी अक्षर कोणत्याच लिपीतले नव्हते.

सध्या माझी प्रगती एवढीच आहे की चार तारा एका गतीने छेडता येतात. सुराला सूर अजून लागत नाही. खाँसाहेबांनी रामभाऊंना आठ वर्षांची अट घातली होती. माझे आत्ता कुठे चार महिने झाले आहेत. कारागिरांचा दुसरा हप्ता मात्र मी मुदतीत फेडला आहे.